नीराबाईंचा ओहोटीचा कागद

हरिहरेश्वराचं दर्शन झालं की माणसं प्रदक्षिणेला निघतात. ही प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती घालायची नसते. देवळामागची टेकडी चढायची, पलीकडच्या पायऱ्या उतरून थेट समुद्राशी जायचं आणि कातळावरून चालत डोंगराला वळसा घालून पुळणीवर, वाळूच्या किनाऱ्यावर यायचं. तासाभराची वाट आहे. ओहोटी असेल तर सहा वर्षांचं पोर आजीचा हात धरून चालून येतं. भरती असेल तर तिथे वाट नसते, नुसतं पाणी असतं.

ही वाट किती वाजता उघडते आणि किती वाजता मिटते, हे येणाऱ्याजाणाऱ्याला गेली एकोणीस वर्षं नीराबाई सांगतात. महिन्याला एक कागद काढतात. त्यात तारीख, पूर्ण ओहोटीची वेळ आणि तिसऱ्या रकान्यात 'या वेळेनंतर पायऱ्या उतरू नका'. खाली नाव आणि सही. गावात बत्तीस ठिकाणी तो लागतो. लॉज, खानावळी, एसटीचा थांबा, शहाळ्यांच्या गाड्या आणि येसाजींची चहाची टपरी. येसाजी म्हणजे नीराबाईंचे यजमान. फोनवर भरती-ओहोटी दिसते, नाही असं नाही, पण त्या वेळा लांबच्या बंदराच्या. या डोंगराच्या पोटाशी पाणी कधी फिरतं हे त्या फोनला कुठून ठाऊक असणार?

माझा कागद बघून गेलेल्याचा पाय घोट्याच्या वर भिजलेला नाही, असं नीराबाई सांगतात, आणि पुष्कळदा सांगतात. ज्यांना ही बढाई वाटते त्यांनी एकोणीस वर्षं एक काम बिनचूक करून दाखवावं आणि मग बोलावं.

नीराबाई मूळच्या बागमांडल्याच्या, खाडीच्या तोंडावरच्या. वडील धर्माजी होडीवाले. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण तिथीवरून पाणी सांगत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, एवढाच त्यांचा हिशोब. अष्टमी असली तर आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणून बाराला ओहोटी. बोटांच्या पेरांवर हे गणित व्हायचं आणि ते नीराबाई पाचव्या वर्षी शिकल्या. शाळा मात्र आठवीत सुटली, कारण घरात धाकटी चार होती. याबद्दल त्या रडगाणं गात नाहीत. फक्त विचारलं तर सांगतात की वर्गात पहिला नंबर होता, दुसरा खोताच्या मुलाचा.

लग्न होऊन हरिहरेश्वरला आल्या आणि टेकडीच्या पायथ्याशी नवऱ्याच्या टपरीवर उभ्या राहिल्या. एका थंडीत साताऱ्याकडचं एक जोडपं चुकीच्या वेळी खाली उतरलं आणि कातळावर अडकलं. येसाजींनी आणखी दोघांना घेऊन दोराने त्यांना वर काढलं. बाईचा गुडघा फुटला होता. टपरीच्या बाकड्यावर पडल्यापडल्या तिने विचारलं, इथे कुणी आधी सांगत का नाही? पाणी कधी येणार हे नीराबाईंना त्या दिवशीही ठाऊक होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी टपरीवर पाटी लागली.

पाटीवरून कागदावर यायला एक वर्ष गेलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी नीराबाईंनी श्रीवर्धनला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. वर्गातल्या मुली त्यांच्या लेकीच्या, सोनलच्या वयाच्या. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, काकी, तुम्हाला हे कशासाठी? नीराबाईंनी सांगितलं की समुद्राचं वेळापत्रक करायचं आहे. सर हसले. तीन महिन्यांनी शंभरातले एक्याऐंशी गुण मिळाले तेव्हा मात्र हसले नाहीत. मग जुना कॉम्प्युटर घरी आला आणि नीराबाईंनी तक्ता स्वतः बांधला. एका घरात तारीख टाकली की शेजारी ओहोटीची वेळ यायची. ती खरी आहे का, हे बघायला दोन वर्षं येसाजींचं घड्याळ मनगटाला बांधून त्या कातळावर जाऊन उभ्या राहिल्या, वहीत मिनिटं लिहिली आणि तक्ता त्याप्रमाणे दुरुस्त केला. घर, टपरी, सासूचं आजारपण सांभाळून. असं काम शहरातल्या एखाद्या पुरुषाने केलं असतं तर त्याचे सत्कार झाले असते.

आता कॉम्प्युटरच्या नव्या सिस्टीमकडे वळू.

जुनी सिस्टीम बंद पडली नव्हती, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. ती चालत होती. पण दिवाळीपासून पडद्यावर रोज सूचना यायची की या सिस्टीमची देखभाल आता थांबली, नवी घ्या. नीराबाई फुलीची खूण दाबून ती बंद करायच्या आणि कामाला लागायच्या. सोनल पनवेलला नोकरी करते. तिने फोनवर धोशा लावला की आई, जुन्यावर राहणं धोक्याचं आहे. नीराबाईंनी सहा महिने दाद दिली नाही. शेवटी एप्रिलात कॉम्प्युटर दोनदा मधेच गोठला, तेव्हा त्यांनी मुश्ताकला बोलावलं.

मुश्ताकचं श्रीवर्धनला दुरुस्तीचं दुकान आहे. बारा वर्षं कुवेतला काढून आलेला, कामाला स्वच्छ, बोलायला गोड. त्याच्या आईपासूनची ओळख, म्हणून तो त्यांना काकी म्हणतो आणि त्या त्याला अरेतुरे करतात. त्याने एका दिवसात सगळं नवं बसवून दिलं. नीराबाईंचे तक्ते होते तसे नव्या जागी ठेवले आणि तो गेला.

तो गेला आणि त्रास सुरू झाला. पहिल्यांदा सिस्टीमने परवलीचा शब्द मागितला. नीराबाईंनी दिला. तर तो कमकुवत आहे, असं उत्तर आलं. आयुष्यात त्यांना कमकुवत म्हणणारं हे पहिलंच. मग मोठं अक्षर, आकडा, एखादं चिन्ह घातलं तेव्हा सिस्टीम मानली, पण लगेच म्हणाली की फोनवर सहा आकडे पाठवले आहेत, ते सांगा. घरात फोनला रेंज नसते, ती विहिरीच्या कठड्याशी मिळते. नीराबाई विहिरीकडे जाऊन आकडे पाठ करून येईपर्यंत त्यांची मुदत संपलेली असायची. दोनदा असं झाल्यावर येसाजी कठड्याशी उभे राहिले आणि त्यांनी तिथून आकडे ओरडून सांगितले. ते पलीकडच्या आळीलाही ऐकू गेले. गुप्तता म्हणतात ती अशी पाळली गेली.

डाव्या कोपऱ्यातली बटणं मध्यभागी येऊन बसली होती. रोज सकाळी पडद्यावर बर्फाचे डोंगर दिसायचे आणि हे चित्र आवडलं का, असं विचारलं जायचं. नको त्या बातम्या एका अंगाने डोकवायच्या. आणि टेबलावर शेजारीच असलेला प्रिंटर सिस्टीमला सापडत नव्हता. येसाजी चहाचा कप घेऊन मागे उभे होते. म्हणाले, "त्याला म्हणावं, जरा मान वळव." नीराबाईंना हसू आलं नाही. इतकी वर्षं आपल्या हाताखाली वागलेलं यंत्र परक्या माणसासारखं वागायला लागलं होतं, आणि मे महिना तोंडावर आला होता.

मे म्हणजे सुट्टीची गर्दी. त्यात या वर्षी महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा एकाच शुक्रवारी, पाठोपाठ शनिवार-रविवार. गावातलं एकही लॉज रिकामं नव्हतं. पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. पाणी उतरतं खूप आणि चढतंही खूप. अशा दिवसांतला कागद म्हणजे नीराबाईंची परीक्षाच.

त्यांनी मेच्या तारखा नेहमीसारख्या एकेक करून टाकल्या. दिवस, रेघ, महिना, रेघ, वर्ष. एक ते बारा तारखांपुढे वेळा आल्या. तेरापासून पुढे मात्र प्रत्येक घरात एक इंग्रजी शब्द उमटला, चूक झाल्याचा. नीराबाईंनी तीनदा पुसून लिहिलं, तीनदा तेच. मुश्ताक दुसऱ्या दिवशी आला. त्याने तेरा ते एकतीसच्या तारखा महिन्याचं नाव घालून लिहिल्या, आणि त्या चालू झाल्या. फोनवरच्या वेळांशी त्याने चार-पाच तारखा ताडून पाहिल्या, सतरा, बावीस, वरची तीन, पाच. सगळ्या पटल्या. प्रिंटरही त्याने शोधून दिला. नीराबाईंनी बत्तीस कागद काढले, सह्या केल्या आणि मंगळवारी गावभर फिरून स्वतः लावले.

बुधवारी सकाळी काशी आली. काशी कातळावर कालवं काढते आणि खानावळींना पुरवते. तिला वाचता येत नाही, पण शनिवारी पाहुणे खूप, म्हणून कागदात काय लिहिलं आहे ते विचारायला ती टपरीवर थांबली. नीराबाईंनी वाचून दाखवलं. शनिवार, दोन तारीख, पूर्ण ओहोटी आठ पंचावन्न.

काशीने कमरेवरची टोपली खाली ठेवली. "वैनी, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी नऊला ओहोटी? मग इतकी वर्सं मी काय अंधारात चाचपडत व्हते काय?"

नीराबाई चिडल्या. आपल्या तक्त्यात असं कधी झालेलं नाही, वेळा मिनिटामिनिटाला मोजलेल्या आहेत, वगैरे त्यांनी काशीला सुनावलं. काशी म्हणाली असेल बाई, कॉम्प्युटरला जास्त कळत असेल, आणि टोपली उचलून निघाली. तिच्या त्या गप्प जाण्यानेच नीराबाई अडल्या. काशी हुज्जत घालणारी बाई. ती भांडली नाही, याचा अर्थ तिला खात्री होती.

नीराबाईंनी टपरीच्या बाकावर बसून अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. कितीतरी वर्षांनी. प्रतिपदा म्हणजे एक. एकाचे पाऊणपट पाऊण. पाऊण वाजता भरती. म्हणजे पावणेसातला ओहोटी. आठ पंचावन्नला नव्हे. कागदावर तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं की नऊ चाळीसपर्यंत उतरायला हरकत नाही. नऊ चाळीसला उतरलेला माणूस साडेदहापर्यंत कातळावर असणार, आणि तेव्हा पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी निम्म्याच्या वर चढलेलं असणार.

त्या घरी आल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरावरून मेच्या एकतीसही दिवसांच्या तिथी घेऊन बोटांवर मोजत बसल्या. तीन तारीख बरोबर. चार बरोबर. पाच, आठ, दहा बरोबर. तेरापासून पुढे सगळं बरोबर. फक्त एक आणि दोन, दोन तारखा चुकल्या होत्या, दोन-सव्वादोन तासांनी. नेमके गर्दीचे दोन दिवस. अख्खा कागद चुकला असता तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. हा कागद जवळजवळ बरोबर होता, म्हणूनच तो वाईट होता.

मुश्ताक हातातलं काम टाकून मोटारसायकलवर आला. त्याने दोन तारखेच्या घरावर जाऊन ती तारीख अक्षरात दाखव, असं सिस्टीमला सांगितलं. पडद्यावर उमटलं, पाच फेब्रुवारी.

मग सगळा उलगडा झाला. नवी सिस्टीम बसवताना देश कुठला, हे त्याने बदललं नव्हतं. सिस्टीम अमेरिकेच्या रीतीने तारीख वाचत होती, आधी महिना आणि मग दिवस. दोन मे तिने पाच फेब्रुवारी म्हणून घेतली, एक मे पाच जानेवारी म्हणून. तेरावा महिना असत नाही, म्हणून तेरापासून पुढे ती अडली आणि ओरडली. बाराच्या आत ती अडली नाही, निमूटपणे दुसऱ्याच महिन्याचं पाणी देत राहिली. आणि चंद्राची गंमत अशी की तीन मे आणि पाच मार्च यांची तिथी एकच निघाली, पुढच्या तारखांचंही थोड्याफार फरकाने तसंच. म्हणून मुश्ताकने पडताळलेल्या सगळ्या तारखा बरोबर आल्या होत्या.

मुश्ताकचा चेहरा उतरला. चूक आपली, आपण काकींना तोंड दाखवण्यासारखे राहिलो नाही, असं काहीबाही तो बोलायला लागला. नीराबाईंनी त्याला अर्ध्यावर थांबवलं. "तू तुझं काम चुकलास, ते तू बघ. कागदावर सही तुझी न्हाय, माझी हाय. सही करताना मी बोटं मोजली न्हाईत."

त्यांनी त्याच्यासमोर बसून देश बदलायला शिकून घेतलं. कुठे जायचं, काय दाबायचं, सगळं वहीत लिहिलं. मग पुन्हा तारखा टाकल्या, प्रत्येक तारीख अक्षरात वाचली आणि प्रत्येक तिथी बोटांवर मोजली. शनिवार दोन मे, पूर्ण ओहोटी सहा चाळीस. सात पंचवीसनंतर पायऱ्या उतरू नका. हा आकडा काशीला मान्य झाला असता.

छापायला गेल्या तर प्रिंटर पुन्हा हरवला. मुश्ताक टेबलाखाली शिरला. नीराबाईंनी पाच मिनिटं वाट पाहिली आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा ओढून हाताने लिहायला बसल्या. मुश्ताकने प्रिंटर सुरू केला तेव्हा त्यांचे सहा कागद लिहून झाले होते. उरलेले त्यांनी छापले. पण प्रत्येकावर, छापील आणि हाताचा दोन्ही, त्यांनी वरच्या बाजूला लाल शाईने लिहिलं: 'मंगळवारी लावलेला कागद चुकीचा आहे. चूक माझी आहे. तो फाडून टाका.'

गुरुवारी सकाळपासून बत्तीस दारं फिरल्या. जुना कागद स्वतःच्या हाताने काढायच्या, नवा लावायच्या आणि काय चुकलं ते मालकाला सांगायच्या. बहुतेकांनी बरं म्हटलं. हर्षदने अडवलं. हर्षदचं पुळणीवर सर्वांत मोठं लॉज आहे आणि त्याचं डोकं धंद्याचं आहे. त्याने काकींना खुर्ची दिली, सरबत दिलं आणि समजावलं की नवा कागद लावा, जरूर लावा, पण ती लाल ओळ कशाला? लोकांचा विश्वास उडेल. मुकाट्याने बदलला तर कुणाला काय कळणार?

"ज्याने जुना वाचलाय त्याला कळायला पायजे," नीराबाई म्हणाल्या. "नायतर तो वेळ पाठ करून बसंल."

हर्षद थोडा घुटमळला आणि मग त्याने खरी गोष्ट सांगितली. मंगळवारीच त्याने कागदाचा फोटो काढून सहलीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. आता काढून टाकतो, पण तिथून तो पुढे कुठे कुठे गेला असेल ते सांगता येत नाही. बत्तीस कागद नीराबाई परत घेऊ शकत होत्या. हा तेहतिसावा कुणाच्या खिशात होता ते देवाला ठाऊक.

शुक्रवार, शनिवार दोन्ही दिवस टपरी मी एकटा बघतो, तू वर जा, असं येसाजी त्या रात्री म्हणाले. वर म्हणजे टेकडीवर, जिथून पायऱ्या खाली उतरतात तिथे.

शुक्रवार निभावला. लोक दुपारपर्यंत येतच होते, सकाळी वाटेवर फारसं कुणी नव्हतं. शनिवारी पावणेसहालाच नीराबाई पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन बसल्या. हातात नवा कागद, जवळ पाण्याची बाटली. सात पंचवीसपर्यंत आलेल्यांना त्यांनी खाली सोडलं. नंतर आलेल्या तीन कुटुंबांना कागद दाखवून परत पाठवलं. ते कुरकुरले आणि गेले.

आठ पस्तीसला अठरा माणसांचा घोळका आला. नाशिककडची, एकाच सोसायटीतली. चार म्हातारी, पाच मुलं, बाकी मधल्या वयाची. त्यांचा पुढारी एक उंच, चष्मेवाला गृहस्थ होता. नीराबाई उठून आडव्या आल्या तेव्हा त्याने सभ्यपणे फोन पुढे केला. पडद्यावर मंगळवारचा कागद होता. नऊ चाळीसपर्यंत उतरता येतं असं इथे लिहिलंय, तो म्हणाला, आणि खाली जबाबदार व्यक्तीची सहीसुद्धा आहे, नीराबाई म्हणून.

"ती नीराबाई मीच," नीराबाई म्हणाल्या. "कागद माझा, सही माझी, आणि तो चुकलाय. ओहोटी सहा चाळीसला होऊन गेली. पाणी चढतंय. आता खाली जायचं न्हाय."

गृहस्थाने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्यांच्या हातातल्या कागदाकडे. मागून कुणीतरी म्हणालं की अहो, समोर कोरडे खडक दिसताहेत, चला. खरंच दिसत होते. सकाळच्या उन्हात कातळ खडखडीत वाळलेला होता आणि पाणी बरंच लांब होतं. गृहस्थ म्हणाला, "बाई, राग मानू नका. तो कागद तुम्हीच दिलात, हाही तुम्हीच देताय. हा बरोबर कशावरून?"

प्रश्न रास्त होता. नीराबाईंना तो झोंबला, पण रास्त होता हे त्यांनी तिथल्या तिथे मान्य केलं. आपण एकोणीस वर्षं हे काम करतो, हे त्यांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. एकोणीस वर्षांची त्या माणसाला काय किंमत? त्याने आयुष्यात त्यांचा एकच कागद पाहिला होता, आणि तो खोटा निघाला होता.

त्यांनी हात लांब करून खाली दाखवलं. वाट जिथे पहिलं वळण घेते तिथे एक सपाट काळी शिळा आहे. तिच्यावरून गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. "ती शिळा बघा. आता सुकी हाय. सव्वानऊच्या आत तिच्यावरून पाणी जाईल. न्हाय गेलं तर मी बाजूला होते, आणि तुमच्या पुढे मी चालते."

मंडळी बसली. नाइलाजाने बसली, पण बसली. मुलांनी बिस्किटं काढली. एका म्हातारीने नीराबाईंना गाव विचारलं आणि बागमांडल्याच्या फेरीबोटीने आम्ही काल आलो, असं सांगितलं. नीराबाई एकाक्षरी उत्तरं देत शिळेकडे बघत होत्या. आठ पन्नासला पाणी शिळेपासून दोन हातांवर होतं. नऊला एका हातावर. नऊ वाजून पाच मिनिटांनी ते जरा मागे सरलं आणि बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. नीराबाईंनी अंगठा करंगळीच्या पेराशी नेला. बोटांवर पुन्हा मोजावंसं वाटलं. मोजलं नाही. एकदा मोजलं होतं, ते बरोबर होतं.

नऊ वाजून अकरा मिनिटांनी एक लाट आली आणि गाजावाजा न करता शिळेवरून पलीकडे गेली. लगेच दुसरी आली. तिसरीने शिळेपुढची फट भरली, पाणी खालून वर उसळलं आणि वाटेच्या डोक्यापर्यंत तुषार उडाले. साडेनऊपर्यंत शिळा दिसेनाशी झाली. त्या मंडळींनी ठरवल्याप्रमाणे खाली पाऊल टाकलं असतं तर पहिली लाट आली तेव्हा ती वळणाच्या पुढे, अर्ध्या वाटेत असती. पुढे पाणी, मागेही पाणी.

मुलांपैकी एकाने बिस्किट हातात तसंच धरलं होतं. मग त्या गृहस्थाने नवा कागद मागितला, त्याचा लाल ओळीसकट फोटो काढला आणि जुना जिथून आला होता तिथे पाठवला, सोबत दोन ओळी लिहून. काय लिहिलं ते नीराबाईंनी विचारलं नाही. त्याने आपणहून वाचून दाखवलं: 'आधीचा फोटो पुसून टाका. हा पाहा. ज्या बाईंनी चूक केली त्यांनीच पायऱ्यांवर उभं राहून आम्हाला अडवलं.' वाक्य बरं होतं. नीराबाईंनी मान हलवली.

संध्याकाळची ओहोटी सातनंतर होती. पण मग उजेड राहत नाही. त्यांनी मंडळींना साडेपाचला यायला सांगितलं, म्हाताऱ्यांना चपला सोडून बूट घाला म्हणून बजावलं, आणि पाच वाजून पंचवीस मिनिटांनी स्वतः पुन्हा टेकडीवर हजर झाल्या. अठराजण खाली उतरले. उतरताना त्यांनी मोजले. ती काळी शिळा तोवर पुन्हा वर येऊन वाळत होती. पोरं तिच्यावर मुद्दाम थांबली आणि उड्या मारून पुढे गेली.

नीराबाई वरच्या वाटेने पुळणीवर आल्या आणि प्रदक्षिणा जिथे संपते तिथे उभ्या राहिल्या. येसाजी टपरी बंद करून शेजारी येऊन उभे राहिले. सूर्य पाण्यात शिरायच्या बेतात असताना पहिली मुलं कातळाआडून दिसली, मग बाया, मग एकमेकांना धरून चार म्हातारी, सर्वांत शेवटी तो चष्मेवाला. नीराबाईंनी ओठ न हलवता मोजले. सगळ्यांचे पाय घोट्याखाली ओले होते.

"अठरा," त्या येसाजींना म्हणाल्या, आणि वाळूतून घराकडे निघाल्या.